ड्युअल बूटचे आठ महिने: उबुंटू कुठे गेलं नव्हतंच

गेल्या आठवड्यात लॅपटॉप सुरू केला आणि ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा, मेनू गायब. थेट विंडोज! आठ महिने विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) एकाच एसएसडीवर सुखाने नांदत होते. दुरुस्तीवाल्याने मशीन न बघताच फोनवर निदान केलं, "फॉरमॅट मारावं लागेल." त्याचे पैसे वाचवायला रात्री स्वतःच बसलो.

आधी विंडोजच्या अपडेटला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या आता मागे घेतो. आदल्या दिवशी मीच बायोस (मशीन सुरू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलं होतं, त्यात बूट ऑर्डर, म्हणजे आधी काय सुरू करायचं तो क्रम, बदलली. बायोसच्या सेटिंगमध्ये शिरलो तर उबुंटू दुसऱ्या नंबरवर निमूट बसलेलं. वर सरकवलं, सेव्ह केलं, मेनू हजर. यादीतली उबुंटूची एन्ट्रीच उडाली असती तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणारं उबुंटू) ग्रब पुन्हा बसवला असता, एवढंच. फॉरमॅट कशाला?

नव्याने लावणाऱ्यांनी इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच (बूटची नवी पद्धत) सुरू करावा. पहिल्या खेपेला मी लेगसीत, म्हणजे जुन्या पद्धतीत, इन्स्टॉल केलं, तर ग्रबमधून विंडोज सुरूच होईना. सगळं पुसून परत केलं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. घड्याळ दोन्हीकडे वेगळं दिसेल: लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. घाबरू नका.

माझं डोकं फिरवलं ते विंडोज लवकर उघडावं म्हणून असलेल्या फास्ट स्टार्टअपने. ही एक टिक! ती असेपर्यंत शट डाउन म्हणजे शट डाउन नव्हेच. विंडोज आपला कर्नल (सिस्टीमचा गाभा) डिस्कवर ठेवून अर्धवट झोपतं, आणि लिनक्समध्ये डी ड्राइव्ह रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, उघडतो. दोन महिने मी फाइल परवानग्यांशी झटापट करत होतो, डिस्क मरायला टेकली असंही वाटलं. गंमत म्हणजे रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, कारण रीस्टार्टला ही भानगड लागू नाही. टिक काढायला कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये गेलो तर चौकट फिकट. वरच्या बारीक अक्षरांच्या लिंकवर क्लिक केल्याशिवाय हात लावू देत नाही. इतकी लपवायची काय गरज होती?

शेवटी वैतागून अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी'ला 'एच ऑफ' सांगून हायबरनेशनच (फास्ट स्टार्टअप ज्यावर चालतं ते) बंद केलं. विंडोज चार-पाच सेकंद उशिरा उघडतं, उघडू दे. १६ जीबी रॅमच्या या मशीनवर हायबरनेशनची फाइल सहा जीबीच्या वर जागा अडवून बसली होती. ती फुकटात परत मिळाली.