जादा फीच्या पैशांवर चालणारा संशोधन प्रकल्प: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं विद्यापीठ पदवीच्या नेहमीच्या फीवर 'प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण' या नावाखाली वेगळी रक्कम घेतं. भरावी सगळ्यांनाच लागते, पण तिचा उपयोग अर्ज करून निवड झालेल्यांनाच होतो. त्या पैशांतल्या एका संशोधन प्रकल्पावर मी गेले काही महिने काम करतेय.

आधी मानधनाबद्दल, कारण माझ्या मते सगळं तिथेच अडतं. या प्रकल्पात तासावर पैसे मिळतात. ते नसते तर संध्याकाळची नोकरी सोडून लॅबमध्ये बसणं मला परवडलंच नसतं. 'अनुभव मिळतोय ना' म्हणत फुकट राबवून घेतलं की लॅबमध्ये फक्त खात्यापित्या घरची मुलं उरतात, आणि फी मात्र सगळ्यांच्या खिशातून गेलेली असते.

आमचं काम ओढ्याच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजण्याचं. अमोनियम मॉलिब्डेट आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातलं की पाणी निळं होतं, आणि ८८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्या निळेपणाचं वाचन घ्यायचं: निळा गडद, तितकं फॉस्फेट जास्त. पहिल्या वर्षी हेच जर्नलमध्ये उतरवलं होतं, पण तिथे उत्तर आधीच ठरलेलं असायचं. इथे एका नमुन्याचं वाचन शेजारच्या नमुन्यांच्या दुप्पट आलं. मार्गदर्शक मॅडमनी कारण सांगितलं नाही. "ब्लँक परत लाव, मग बाटल्या बघ," एवढंच म्हणाल्या. ब्लँक, म्हणजे ओढ्याच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तुलनेची चाचणी, ठीक निघाला. बाटली मात्र स्टोअरमधून साध्या डिटर्जंटने धुऊन आली होती, आणि त्यातलंच फॉस्फेट काचेला चिकटून राहिलं होतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेल्या बाटलीत नमुना पुन्हा घेतला, तेव्हा आकडा खाली आला. आकड्यावर शंका कशी घ्यायची, हे मला त्या दुपारी समजलं. अशा दुपारसाठी जादा फी द्यायला माझी अजिबात ना नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेणारा 'यूरॉप' हा उपक्रम मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये सुरू केला. तिथल्याच विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ओ क्लेअर कॅम्पसने १९९७ पासून अशा कामांसाठी वेगळी फी लावली. त्याच विद्यापीठाच्या मॅडिसन कॅम्पसने २००९ मध्ये जादा फी आणली. राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी ती वर्षाला २५० डॉलरपासून टप्प्याटप्प्याने १,००० पर्यंत जाणार होती, आणि ८०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या गरजू कुटुंबांना तेवढंच अनुदान मिळणार होतं. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते. आमच्याकडे तशी सवलत नाही, ती असायलाच हवी.

तक्रार हिशोबाची आहे. पूर्वी विभागाच्या नेहमीच्या बजेटमधून येणारी रसायनं आणि हातमोजे आता याच निधीत टाकले जातात. म्हणजे आमच्या पैशांनी नवं काही उभं राहण्याऐवजी जुनी भोकं बुजवली जातात. वाटपाच्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधी आहेत, पण खर्चाचा तपशील त्यांच्या हाती वर्ष संपल्यावर पडतो. शिवाय विज्ञान शाखेला झुकतं माप मिळतं. इतिहासवाल्यांना अभिलेखागारात जायचा प्रवासखर्च मिळवायलाही बरीच खटपट करावी लागते.

अर्ज करणार असाल तर तीन गोष्टी आधीच विचारून घ्या: मानधन तासावर आहे की एकरकमी, सुट्टीत काम चालू राहतं का, आणि मार्गदर्शक स्वतः आठवड्यातून किती वेळ लॅबमध्ये असतात. शेवटचं उत्तर जमल्यास तिथे आधी काम केलेल्या मुलांकडून काढा.