रिव्हास्टिग्मिनचा पॅच : अल्झायमरच्या पेशंटची काळजी घेणाऱ्यांसाठी

अल्झायमरवरचं रिव्हास्टिग्मिन हे औषध कॅप्सूलमध्ये मिळतं, तसंच अंगाला चिकटवायच्या पॅचमध्येही मिळतं. कॅप्सूलने पेशंटचं पोट बिघडत असेल, तर पॅचबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आमच्या घरात जेवणाच्या वेळची रोजची ओढाताण या एका बदलाने थांबली, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, आधी दीड मिलिग्रॅमची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ होती. ती कशीबशी चालली. तीनची सुरू झाली आणि मळमळ, उलट्या, अन्नावरची वासनाच उडाली. हे औषध खाण्याबरोबर द्यायचं असतं, त्यामुळे ताट समोर आलं की त्यांचं तोंड घट्ट मिटायचं. कॅप्सूल गालात धरून ठेवायचे आणि आमचं लक्ष नसलं की टॉवेलात थुंकायचे. वजन उतरायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी डोस मागे घेतला आणि पुढे पॅच लिहून दिला.

कॅप्सूल घेतली की साधारण तासाभरात औषधाची रक्तातली पातळी झपकन चढते आणि लवकर उतरतेही. मळमळ होते ती मुख्यतः या चढामुळे. पॅचमधून तेच औषध चोवीस तास सावकाश आत जात राहतं. खरं तर त्वचेचा सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर बहुतेक औषधांना आत शिरूच देत नाही. रिव्हास्टिग्मिनचा रेणू लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारा, म्हणून त्याला वाट मिळते. अमेरिकेत या पॅचला २००७ साली मान्यता मिळाली. त्याआधीच्या मोठ्या चाचणीत दिवसाला ९.५ मिलिग्रॅम देणारा पॅच आणि दिवसाला १२ मिलिग्रॅमच्या कॅप्सूल यांचा गुण सारखाच आला, पण मळमळ-उलट्यांचं प्रमाण पॅचमध्ये कॅप्सूलच्या जवळजवळ एक तृतीयांश होतं. आमचा अनुभव याला धरूनच आहे. आधी दिवसाला ४.६ मिलिग्रॅम देणाऱ्या पॅचवर किमान चार आठवडे काढून मग ९.५ चा सुरू केला, आणि अण्णा पुन्हा आमटी-भात मागून घ्यायला लागले.

आता लावण्याबद्दल, कारण सगळं यश त्यातच आहे. आम्ही पाठीवरच लावतो, तिथे त्यांचा हात पोचत नाही. आंघोळ झाली, अंग खडखडीत कोरडं झालं की मी म्हणते, "अण्णा, जरा पुढे वाका बरं." ते विचारतात, "काय लावतेस गं?" रोज विचारतात, मी रोज सांगते. आधी कालचा पॅच काढायचा, मगच नवा. हा क्रम कधीही चुकू देऊ नका. जुना अंगावर राहून दुसरा लागला तर डोस दुप्पट होतो आणि ते धोक्याचं आहे. नव्या पॅचवर बारीक बॉलपेनने वार लिहायचा, चिकटवून तळव्याने तीस सेकंद दाबून धरायचा. एकाच जागी चौदा दिवसांच्या आत पुन्हा लावायचा नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात "डा. वर" (डावीकडे वर), "उ. खाली" (उजवीकडे खाली) असं लिहून ठेवते. दिवसा येणाऱ्या मावशीही तेच बघून लावतात.

अण्णांना अंगाला खोबरेल चोळायची जन्माची सवय. पॅचच्या जागी तेल, पावडर, क्रीम काहीच चालत नाही, त्यामुळे आता तेल फक्त हातापायांना. दिवाळीच्या अभ्यंगालाही पाठ सोडली. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध जास्त शोषलं जाऊ शकतं. पॅच कापून अर्धा लावायचा नाही.

तक्रारी आहेतच. डोंबिवलीच्या मे महिन्यात घामाने कडा सुटतात. पॅच पूर्ण निघाला तर नवा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी बदलायचा. काढल्यावर लाल डाग दिसतो, अण्णांचा एका दिवसात जातो. लाली पॅचच्या बाहेर पसरली, फोड आले किंवा काढल्यावर दोन दिवसांतही कमी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. किंमत कॅप्सूलच्या मानाने बरीच जास्त आहे, आणि आमच्या भागात मेडिकलवाल्याला आधी सांगून मागवावा लागतो. शेवटच्या पाकिटापर्यंत थांबू नका. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा ४.६ पासूनच सुरुवात करावी लागते.

घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा. ४.६ च्या पॅचमध्ये एकूण ९ मिलिग्रॅम औषध भरलेलं असतं, म्हणजे वापरून काढलेल्या पॅचमध्येही जवळजवळ निम्मं शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, रिकाम्या पाकिटात घालून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचे नाहीत.

स्मरणशक्ती परत येईल या आशेने मात्र हा पॅच घेऊ नका. आजार थांबत नाही. अण्णा माझं नाव अजूनही विसरतात. पण पोटात अन्न आहे, वजन टिकून आहे, आणि मला त्यांच्या गालात बोट घालून कॅप्सूल शोधावी लागत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी केला तो किमतीसाठी आणि उन्हाळ्यात सुटणाऱ्या कडांसाठी. हृदयाचे ठोके मंद असतील किंवा वजन ५० किलोच्या आत असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. कॅप्सूलवरून पॅचवर येताना पहिला पॅच शेवटच्या कॅप्सूलच्या दुसऱ्या दिवशी लावायचा असतो.