कसावाच्या तीन जातींचा स्टार्च: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गृहउद्योगात उपवासाच्या पापड्यांसाठी आणि गोठवून विकायच्या आंब्याच्या सारणासाठी टॅपिओका स्टार्च, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कसावाच्या कंदाचा स्टार्च, लागतो. पूर्वी दुकानात मिळेल ते पोते आणत असू. गेले काही महिने मात्र कसावाची जात माहीत असलेलाच माल घेतला. तमिळनाडूच्या सेलम भागातील एच-२२६ आणि एच-१६५, आणि थायलंडचा वॅक्सी.

पहिले दोन्ही संकर तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने १९७१ मध्ये प्रसारित केले. एच-२२६ च्या कंदात सुमारे २८ ते ३० टक्के स्टार्च असतो, एच-१६५ मध्ये २३ ते २५ टक्के, पण हे पीक आठ-नऊ महिन्यांत निघते. कारखानदाराला आणि शेतकऱ्याला हे आकडे महत्त्वाचे आहेत. कंदात स्टार्च किती यावरून तो शिजल्यावर कसा वागेल, हे मात्र कळत नाही.

या दोन्हींची खळ चकचकीत होते आणि तिला मक्याच्या स्टार्चसारखा धान्याचा वास येत नाही, कारण कसावाच्या स्टार्चमध्ये प्रथिने आणि स्निग्धांश अत्यल्प असतात. पापड्या दोन्हींच्या चांगल्या झाल्या. एच-२२६ ची खळ मला थोडी अधिक दाट वाटली. तरीही हा फरक सगळा जातीच्या खात्यावर टाकणे योग्य नाही, कारण एच-२२६ च्याच दोन हंगामांच्या पोत्यांतही जवळपास तेवढाच फरक दिसला. वाढीच्या काळात पाण्याचा ताण पडलेल्या पिकाचा स्टार्च अधिक तापमानाला शिजतो, असे थायलंडमधील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून पोत्यावर जातीइतकाच काढणीचा महिनाही छापला जावा, असे मला आग्रहाने वाटते.

खरा फरक वॅक्सीने दाखवला. साध्या कसावाच्या स्टार्चमध्ये साधारण १७ ते २५ टक्के अ‍ॅमायलोज असते. हा स्टार्चचा सरळ साखळ्यांचा घटक तयार करणारे विकर (एन्झाइम) वॅक्सी जातीत काम करत नाही, त्यामुळे तिचा स्टार्च जवळजवळ संपूर्ण फांद्या असलेल्या साखळ्यांच्या अ‍ॅमायलोपेक्टिनचा असतो. कोलंबियातील सिआट या संस्थेच्या संशोधकांनी असे नैसर्गिक उत्परिवर्तन २००७ मध्ये प्रसिद्ध केले. खळ थंड झाली की अ‍ॅमायलोजच्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात, पाणी बाहेर ढकलतात आणि खळ दुधाळ होते. आमचे सारण फ्रीजरमधून काढल्यावर कडेला पाणी सुटायचे ते यामुळेच. वॅक्सी वापरल्यापासून गोठवून वितळवलेले सारणही एकजीव आणि पारदर्शक राहते, आणि आंब्याचा रंग खुलून दिसतो.

पापड्यांसाठी मात्र वॅक्सी घेऊ नये. खळ फार चिकट होते, वाळताना पापडी प्लास्टिकवरून सुटत नाही, आणि पातळ पदराला बळकटी देणारे अ‍ॅमायलोजच नसल्याने कडा तुटतात. शिवाय तो महागही पडतो. सारणाला वॅक्सी आणि पापड्यांना एच-२२६, अशी वाटणी आम्ही आता कायम केली आहे. वॅक्सीचे पोते घेतल्यावर चिमूटभर स्टार्च पाण्यात कालवून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा: साधा स्टार्च गडद निळा होतो, वॅक्सी तांबूस-तपकिरी.