अमळनेरचा रविवारचा शब्दांचा वर्ग: लेकीला सहा रविवार पाठवलं, आमचा अनुभव

माझी मुलगी अकरावी आर्ट्सला आहे, तर्कशास्त्र घेतलंय. पहिल्या चाचणीत पेपर कोरा सोडून आली. विचारलं तर म्हणे आई मला प्रश्नच कळत नाहीत, आधारविधान म्हणजे काय, युक्तिवाद म्हणजे भांडण का, अनुमान म्हणजे अंदाजच ना? तिच्या क्लासमधे या शब्दांच्या व्याख्या पाठ करून घेतात, पण पाठ केलेला शब्द तिला वापरता येईना. मग एका ओळखीच्या बाईंनी तर्कशास्त्रातले आणि साहित्यातले शब्द समजावणाऱ्या अमळनेरच्या या वर्गाचं सांगितलं. रिटायर झालेले सर घरीच घेतात, सहा रविवार, दोन-दोन तास, फी सहाशे रुपये आणि त्यात शंभरेक शब्दांची कार्डं. सरांना जाहिरात आवडत नाही म्हणून नाव टाकत नाहीये. आम्ही पारोळ्याचे, सकाळच्या एसटीने जाऊन दुपारी घरी.

सगळ्यात आधी जे आवडलं ते सांगते. सर शब्दाची व्याख्या आधी देतच नाहीत, आधी विचारतात हा शब्द घरी कुठे ऐकला. पहिल्या रविवारी कार्ड निघालं 'प्रतिज्ञा'. सगळी पोरं एका सुरात म्हणाली पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते ती. सर म्हणे बरोबर, आता न्यायदर्शनातली, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या आपल्या जुन्या तत्त्वज्ञानातली प्रतिज्ञा बघा, तिथे प्रतिज्ञा म्हणजे जे सिद्ध करायचं ते आधी सांगून टाकणं. मग युक्तिवादाचे पाची अवयव, म्हणजे पाच पायऱ्या, त्यांनी भरीत पार्टीवर बसवले. समोरच्या शेतात आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतोय, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतो तिथे, हे उदाहरण. या शेतातही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून या शेतात आग आहे, हे निगमन. पोरीने घरी येऊन चुलीजवळ बसून मला हे सगळं परत सांगितलं आणि एकदाही अडखळली नाही. 'हेतू' म्हणजे मनातला उद्देश एवढंच आपल्याला माहीत, तर इथे हेतू म्हणजे कारण, पुरावा. 'पक्ष' म्हणजे निवडणुकीतला नाही तर ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं ती वस्तू, म्हणजे इथे ते शेत. तिचा सगळा घोळ इथेच होत होता, शब्द ओळखीचा वाटतो म्हणून पोर पुढे वाचत जाते आणि अर्थ मात्र घरचाच धरून बसते. हे मला आईला पण आत्ता कळलं.

तिसऱ्या रविवारी 'उपमान' घेतलं तो वर्ग तर मी स्वतः मागे बसून ऐकला. मराठीच्या तासाला उपमेय-उपमान शिकतात, मुख चंद्रासारखं म्हटलं की चंद्र हा उपमान. तत्त्वज्ञानात तोच शब्द म्हणजे ज्ञान मिळवायचं एक साधन, साधर्म्यावरून ओळखणं, कोणी सांगितलं की गवा गाईसारखा असतो आणि पुढे रानात तसा प्राणी दिसला की आपण ओळखतो हाच गवा. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं मानतं, चार्वाक मताचे लोक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्या-कानांना कळतं तेवढंच मानतात. एका पोराने लगेच विचारलं मग चार्वाक धूर बघून आग मानणारच नाहीत का, आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली. सर मधे मधे अहिराणीत, 'काय सांगी ऱ्हायनी तू, कारण दे कारण' एवढंच म्हणायचे. वर्गात न बोलणारी माझी पोर त्या दिवशी तीनदा बोलली.

युक्त आणि सत्य यातला फरक पण वांग्यावरच. सगळी वांगी गोड असतात, भरताचं वांगं हे वांगं आहे, म्हणून भरताचं वांगं गोड असतं. पहिलं विधान खोटं, तरी मांडणी युक्त, म्हणजे आधारविधानं (ज्यांवर निष्कर्ष टेकतो ती विधानं) खरी धरली तर निष्कर्ष टाळता येत नाही. तर्कदोषांना, म्हणजे विचारातल्या चुकांना, 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही आपली म्हण, एकामागून एक घडलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण होत नाही.

हे सगळं अमळनेरात शिकायला मिळतं याचंही मला फार वाटतं. याच गावात 1916 साली प्रताप शेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, साने गुरुजी तिथे शिकायला आले आणि मग इथल्याच शाळेत शिक्षक झाले. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे, जन्म 1901 चा, आणि तर्कतीर्थ ही त्यांची पदवी होती. माझी मुलगी ते आडनाव समजायची! सरांनी 'तर्क' या कार्डाबरोबर हे सांगितलं आणि पोरं सरळ होऊन बसली.

आता जे खटकलं ते. साहित्याचे शब्द एकाच रविवारी उरकले, ते मला अजिबात पटलं नाही. तापी आईसारखी म्हटलं की उपमा, तापी जणू आईच म्हटलं की उत्प्रेक्षा, तापी आईच म्हटलं की रूपक, इथपर्यंत छान झालं. पण निवेदक (गोष्टीत गोष्ट सांगणारा) आणि लेखक यात फरक काय, आशयसूत्र (गोष्टीतला मूळ विचार) कथानकापेक्षा वेगळं कसं, हे पाच मिनिटांत संपलं आणि परीक्षेत तर पोरं तिथेच 'लेखक म्हणतो' लिहून मोकळी होतात. याला किमान दोन रविवार हवेत, मी सरांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं म्हणजे अनुमानाचे दोन प्रकार, निष्कर्ष अटळ निघतो तो आणि नुसता संभवतो तो, यांना कार्डावर निगमनात्मक-विगमनात्मक आणि मुलीच्या वहीत निगामी-विगामी. अर्थ तोच पण पोर आठवडाभर ते वेगळे शब्द समजत होती, कार्डाच्या मागे दोन्ही छापायला काय हरकत आहे. अक्षरं पण बारीक आहेत.

दुसऱ्या चाचणीत मार्क वाढले, पण मला जास्त बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीने. परवा तिच्या काकाने जेवताना म्हटलं की अमक्याच्या पोराने आर्ट्स घेतलं आणि वाया गेला, तर ही शांतपणे म्हणाली काका, एकावरून सगळे कसे, तुमचं आधारविधान कोणतं? काकाने थांबून विचार केला आणि खरंच उत्तर दिलं, मग दोघं बराच वेळ बोलत बसले.

नववी-दहावीच्या पोरांना पाठवायचं असेल तर पहिले तीन रविवार पुरेत, अकरावीवाल्यांनी सगळे सहा करा. वही दोनशे पानी न्या, सर फळ्यावर भरपूर लिहितात. पारोळ्याकडून येणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरा, दुसरीने अर्धा तास बुडतो.