गँट चार्ट, डब्ल्यूबीएस की रिस्क रजिस्टर? छोट्या बांधकामाला आधी काय करायचं

शेतकरी कंपनीचं गोदाम म्हणा, शाळेच्या दोन खोल्या म्हणा, असलं काम हाती घेतलं की कुणी म्हणतं चार्टर (काम का आणि कुणासाठी ते सांगणारा सुरुवातीचा मंजुरीचा कागद) करा, कुणी म्हणतं गँट (तारखांवर आखलेल्या कामाच्या पट्ट्यांचा तक्ता) करा, आणि आपल्याकडं हे सगळं भरायला माणूस एकच असतो, त्यामुळं आधी काय ते ठरवावंच लागतं.

स्कोप स्टेटमेंट तर कराच, एका पानाचं का होईना. त्यात काय होणार याच्यासोबत काय होणार नाही तेही ठळक लिहा: वजनकाटा नाही, कंपाउंड वॉल नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. शेवटच्या बिलाच्या वेळी ठेकेदाराशी वाद लागतो तो ह्याच ओळींवरून.

आता डब्ल्यूबीएस (वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे कामाची फोड) की गँट. बहुतेक जण थेट गँटच काढायलेत, भिंतीवर देखणा दिसतो म्हणून. पण डब्ल्यूबीएसमध्ये तारखा नसतात, नुसती कामाची फोड असते, आणि तीच आधी लागते. गँटमध्ये "पाया, २० दिवस" अशी एकच पट्टी ओढली की मुरूम कुणी आणायचा ते कुणाच्याच डोक्यात राहत नाही, फोड केली असेल तर खोदाई, मुरूम भराव, दबाई, पीसीसी (तळाचं साधं काँक्रीट), फुटिंग (खांबाखालचा पाया) असं एकेक समोर येतं, अन् काळ्या जमिनीत तर ह्यातलं एकही वगळून चालत नाही. दुसरं म्हणजे साध्या पट्ट्यांत कोणतं काम कशावर अडलंय ते दिसत नाही. त्यासाठी क्रिटिकल पाथची (ज्या कामांच्या साखळीला उशीर झाला की सगळंच लांबतं ती शोधायची) पद्धत आहे, १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट कंपनीच्या कामातून आलेली. एकच ठेकेदार असेल तर माझ्या मते डब्ल्यूबीएस आणि चार-पाच माइलस्टोनच्या (मुख्य टप्प्यांच्या) तारखा बस्स झाल्या. फॅब्रिकेटर, वायरमन, गवंडी तिघं वेगवेगळे असतील तर मात्र गँट काढाच.

रिस्क रजिस्टर, म्हणजे काय बिघडू शकतं, त्यावर उपाय काय आणि शेवटच्या रकान्यात तो कोण करणार याचा तक्ता, लोक सगळ्यात आधी सोडून देतात आणि मला तर आपल्या भागात तोच सगळ्यात मोलाचा कागद वाटतो. पावसात काळ्या मातीतले खड्डे ढासळतात, म्हणून पाया जूनच्या आत. दसरा-दिवाळीनंतर बीडकडचे मजूर ऊसतोडीला निघतात, म्हणून छताचं काम त्याच्या आधी. मे महिन्यात टँकर मिळत नाही, आणि आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणं कोरड्या कडक उन्हात काँक्रीटचं क्युरिंग (पाणी मारून ओलं ठेवणं) किमान १० दिवस लागतं, तर पाण्याची सोय कोण करणार? ह्या शेवटच्या रकान्यात "समिती" लिहू नका, एका माणसाचं नाव लिहा, नाहीतर कुणीच करत नाही.

इश्यू लॉग वेगळा, जे होऊन बसलंय ते त्यात. छोट्या कामाला वहीचं मागचं पान पुरतं. स्टेटस रिपोर्टही दर सोमवारी व्हॉट्सअॅपवर तीन ओळींचा चालतो, पण कर्ज किंवा अनुदान घेतलं असेल तर फोटो आणि तारखेसकट त्याची पीडीएफ ठेवा, पुढचा हप्ता मागताना कामी येते.