हायवेवरचं मिसिंग आणि सात महिने सीटखाली ठेवलेला मल्टिमीटर

सात महिन्यांपूर्वी एक डिजिटल मल्टिमीटर घेतला, म्हणजे व्होल्टेज आणि रेझिस्टन्स मोजणारा मीटर. त्यामागे एकच कारण होतं. माझी मोटरसायकल शहरात लोण्यासारखी चालायची आणि हायवेला लागली की वीस-पंचवीस मिनिटांनी तिचा ठोका चुकायला लागायचा. एका सिलिंडरची, एअरकूल्ड, कार्ब्युरेटर आणि डीसी सीडीआय (ठिणगी पाडणारा, बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असलेली गाडी आहे. ऐंशीच्या पुढे, टॉप गिअरमध्ये, थ्रॉटल अर्ध्याच्या वर उघडा असला की मधूनच हिसका बसायचा. यालाच मिसिंग म्हणतात. मागून ट्रक येत असताना गाडीने असा दगा दिला की पोटात गोळा येतो. तेव्हापासून हा मीटर सीटखाली आहे. त्याचा उपयोग कुठे झाला आणि त्याने मला कुठे चकवलं, ते दोन्ही सांगतो.

मीटर येण्याआधीची गोष्ट थोडक्यात. मेकॅनिककडे गाडी तीनदा गेली. प्लग बदलला, कार्ब्युरेटर खोलून जेट साफ झाले, एअर फिल्टर नवा आला, टॅपेट लावून झाले. प्रत्येक वेळी दुकानासमोर गाडी उत्तम चालायची, कारण दुकानासमोर कोणी पंचवीस मिनिटं नव्वदने चालवत नाही. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगीही दाखवली, चांगली निळी होती. पण मोकळ्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमध्येही पडेलच असं नाही. आत दाब जितका जास्त, तितका प्लगचा गॅप ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतो. थ्रॉटल उघडला की सिलिंडर जास्त भरतो, दाब वाढतो आणि कमजोर इग्निशन नेमकं तिथेच हार मानतं. शहरात अर्धवट भरलेल्या सिलिंडरमध्ये तीच ठिणगी सहज निभावते.

मीटर घेतल्यावर आधी ठरवायचं होतं ते एवढंच, की पेट्रोल कमी पडतंय की ठिणगी. इथे मीटरपेक्षा अंगाला जाणवणारी गोष्ट महत्त्वाची. पेट्रोल अपुरं पडलं की गाडी हळूहळू दमते, ओढ कमी होते, रेस सोडली की थोड्या वेळाने पुन्हा सावरते. ठिणगी गेली की झटका कडक असतो, कोणी चावी बंद करून लगेच चालू केल्यासारखा. माझा दुसऱ्या प्रकारचा होता. तरी खात्री करून घेतली. मिसिंग सुरू असताना रस्त्याच्या कडेला थांबून टाकीचं झाकण उघडलं. झाकणातलं हवेचं भोक, म्हणजे व्हेंट, बुजलेलं असतं तर हवा आत ओढल्याचा आवाज आला असता आणि पुढे काही किलोमीटर गाडी नीट चालली असती. दोन्ही झालं नाही. चोक किंचित ओढून पाहिला. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं असतं तर सुधारणा दिसली असती, उलट गाडी जास्तच अडखळली. घरी येऊन झाकण बंद ठेवूनच पेट्रोल कॉकचा पाइप बाटलीत सोडला, धार सलग आणि भरपूर होती. पेट्रोलचा संशय इथे मिटला.

मग आरपीएम मीटरच्या काट्याकडे बघायला लागलो. माझ्या गाडीत त्या काट्याला सिग्नल सीडीआयकडून येतो. त्यामुळे हिसका बसताना काटाही खाली आपटला तर दोष सीडीआयमध्ये, त्याच्या सप्लायमध्ये किंवा पल्सर कॉइलच्या (ठिणगी कधी पाडायची हे सीडीआयला सांगणारी कॉइल) बाजूला असतो. काटा स्थिर राहिला आणि इंजिन मात्र गचकलं, तर इग्निशन कॉइल आणि तिच्या पुढे एचटी वायर (कॉइलकडून प्लगकडे जाणारी जाड वायर), प्लग कॅप आणि प्लग तपासायचे. काटा स्थिर होता. पार्ट बदलत बसण्यापेक्षा हे एक निरीक्षण मला जास्त उपयोगी पडलं.

प्लग कॅप काढून मोजली, 5.1 किलोओहम. रेझिस्टरवाल्या कॅपला पाचच्या आसपास हवं, म्हणजे नवीनसारखीच. इथे मी जवळजवळ फसलो होतो. दुसऱ्या दिवशी मीटर सोबत घेऊन चाळीस किलोमीटर गेलो, मिसिंग सुरू होऊ दिलं, थांबलो, हातमोजा घालून गरम कॅप ओढून काढली आणि तिथेच मोजली. आकडा 9 वर गेला, मग 14, कॅप जराशी हलवली तर थेट ओपन, म्हणजे जोडच तुटलेला. पाच मिनिटांनी गार झाल्यावर पुन्हा 5.2. घरी कॅपच्या आतला छोटा पितळी स्क्रू फिरवून काढला. स्प्रिंगचं टोक काळं पडलेलं, आणि रेझिस्टरच्या टोकाला जिथे ती टेकते तिथे सुईने कोरल्यासारखे खड्डे. प्रत्येक ठिणगी आधी तिथे उडी मारत होती आणि मग प्लगपर्यंत पोचत होती. एचटी वायरचं टोकही हिरवट झालेलं. पाचेक मिलिमीटर कापून चकचकीत तांबं येईपर्यंत सोललं आणि नवी कॅप आटे बसवून फिरवली.

गाडी सुधारली. दोन महिने अगदी छान गेले. याच दोन महिन्यांत मी मीटरवर पूर्ण खूश होतो आणि इथेच लिहायचं थांबलो असतो तर हा अनुभव अपुरा राहिला असता.

पावसात पुन्हा सुरू झालं. पण हे वेगळं मिसिंग होतं. या वेळी काटा आपटत होता. हिसक्यासोबत सहा हजारांवरून धाडकन खाली आणि पुन्हा वर. म्हणजे कॅपच्या अलीकडे यायला हवं. आधी पल्सर कॉइल मोजली. थंड असताना 212 ओहम, राइडनंतर 251. हा फरक बघून मी कॉइल बदलायलाच निघालो होतो, पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. 18 टक्के वाढ म्हणजे साधारण 47 अंशांची तापमानवाढ, इंजिनाला चिकटून बसलेल्या कॉइलला हे चालायचंच. गरम आकडा स्थिर होता, वायर हलवली तरी हलत नव्हता. कॉइल निर्दोष.

मग सप्लाय. किल स्विचच्या (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) दोन टोकांवर मीटरची बीप, म्हणजे जोड सलग आहे का ते सांगणारी, लावली, वाजली. सीडीआयच्या कपलरवर (वायर जोडायचा प्लास्टिकचा जोड) व्होल्टेज पाहिला, इंजिन बंद, चावी चालू, 12.4. सगळं ठीक दिसतंय आणि गाडी मात्र हिसके देतेय. या मीटरबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला इथे कळली. बीप वाजायला शून्य ओहम लागत नाहीत. कित्येक मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंत बिनदिक्कत वाजतात. आणि व्होल्ट मोजताना मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्याचा आतला रेझिस्टन्स सुमारे 10 मेगाओहम असतो. त्यामुळे गंजलेल्या, केसाएवढ्या धाग्याने जोडलेल्या कॉन्टॅक्टमधूनही तो पूर्ण 12.4 दाखवतो. करंट वाहायला लागला की खरं रूप बाहेर येतं.

म्हणून मोजण्याची जागा बदलली. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं टोक सीडीआयच्या सप्लाय वायरवर, कपलरच्या मागून बारीक टाचणी सरकवून. आता मीटर मधल्या सगळ्या वायर, स्विच आणि कपलर मिळून किती व्होल्ट खातात तेच दाखवतो. इंजिन चालू, स्लोवर 0.3. रेस वाढवत नेली तसा आकडा चढत गेला. सहा हजारांवर 1.6. डीसी सीडीआयला प्रत्येक ठिणगीसाठी कपॅसिटर भरावा लागतो. सहा हजार आरपीएमला सेकंदाला निदान पन्नास ठिणग्या लागतात, त्यामुळे त्याचा करंट वेगाबरोबर वाढतो आणि खराब कॉन्टॅक्टवरचा ड्रॉप, म्हणजे तिथे खाल्ले जाणारे व्होल्टही. शहरात न दिसणारा दोष हायवेवरच का दिसतो याचं उत्तर स्क्रीनवर आकड्यांत उभं होतं.

तरी गाडी स्टँडवर होती. स्टँडवर एअरकूल्ड इंजिन फार वेळ रेस करू नये, तापतं. धाकट्या भावाला मागे बसवलं, मीटर त्याच्या हातात, वायर टाकीच्या कडेने टेपने चिकटवलेल्या. चालवणाऱ्याने मीटरकडे बघू नये, हे कृपा करून पाळा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लक्षात ठेवणारं मिन-मॅक्सचं बटण दाबून निघालो. पंधरा किलोमीटरनंतर पहिला हिसका बसला आणि मागून आवाज आला, "दादा, तीन पॉइंट आठ!" थांबून पाहिलं तर मॅक्सला खरंच 3.8. मग स्टँडवर सहा हजारांवर एका टोकापासून एकेक जोड मागे मोजत आलो. मेन स्विच 0.1, फ्यूज जवळजवळ शून्य, किल स्विच 1.3. स्विच खोलला. आत पाणी गेल्याच्या पांढुरक्या खुणा, कॉन्टॅक्टच्या पत्रीवर शेवाळी थर. तो बारीक पॉलिश पेपरने घासला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, स्प्रिंगचा ताण बघून पुन्हा बसवला. स्लोवर 0.1, सहा हजारांवर 0.2.

आता मीटरबद्दल सरळ सांगतो. ओहम आणि व्होल्ट हे दोन्ही त्याने अचूक दिले, सात महिन्यांत एकदाही शंका आली नाही. मिन-मॅक्स नसता तर दुसरा दोष मला सापडलाच नसता. घेताना इतर कशापेक्षा हेच बटण बघा. मात्र त्याचा वेग मर्यादित आहे. तो सेकंदाला तीनच वेळा मोजतो. सहा हजारांवर एक चक्र 20 मिलिसेकंदांत संपतं, त्यामुळे सुटलेली एकटी ठिणगी तो पकडू शकत नाही. माझा कॉन्टॅक्ट अर्धा-पाऊण सेकंद सुटायचा म्हणून सापडला. त्याहून बारीक दोषाला व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागेल. ऑटोरेंज, म्हणजे मोजण्याची पट्टी मीटरने आपोआप निवडणं, ओहम मोजताना आकडा स्थिर व्हायला वेळ घेते, रस्त्यावर गरम कॅप हातात असताना ते त्रासाचं होतं. रेंज हाताने लॉक करायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून वापरायला हवी होती. इग्निशन कॉइलची प्रायमरी (तिच्या आतली कमी व्होल्टेजची गुंडाळी) मोजताना आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. माझ्या वायर 0.3 ओहम दाखवतात, आणि ज्या प्रायमरीचा रेझिस्टन्सच एका ओहमच्या आत आहे तिथे हा फरक निकाल बदलतो.

एक गोष्ट मी केलेली नाही आणि कोणी करू नये. इंजिन चालू असताना मीटरची टोकं एचटी वायरला किंवा प्लगला लावू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि मीटर 600 व्होल्टपर्यंतचा आहे. सीडीआयमधून कॉइलला जाणारी वायरही शेकडो व्होल्टची असते. तिला पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो.

सीटखालच्या धक्क्यांनी आणि उन्हाने मीटरच्या वायरचं आवरण टोकाजवळ तडकलं आहे. मऊ सिलिकॉनच्या वायरची जोडी मागवली आहे. सेल एकदा बदलला. मीटर आता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवतो आणि दर महिन्याला किल स्विचचा ड्रॉप वहीत लिहितो. या महिन्यात सहा हजारांवर 0.2 आला.