ठकी, आठ महिन्यांनंतर: घरात उड्या मारणारा कोळी पाळल्याचा अनुभव

नोव्हेंबरात ठाण्यात मानपाड्याच्या आमच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीच्या काठावर एक तपकिरी कोळी बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. बोट पुढे केलं तर पळायचं सोडून वळला आणि माझ्याकडे बघत बसला. तिथेच फसलो. नाव ठेवलं ठकी. आई म्हणाली, "अरे, दिवाळीला जळमटं काढून माझे हात दुखले आणि तू कोळी पाळतोस?" हा कोळी जाळं विणतच नाही, झेप घेऊन शिकार करतो, हे तिला पटायला मार्च उजाडला.

जात प्लेक्सिपस पेकुली. आपल्या इमारतींच्या भिंतींवर सर्रास दिसते. पाळीव कोळ्यांच्या व्हिडिओंतला तो गुबगुबीत, केसाळ फिडिपस रेजियस अमेरिकेच्या आग्नेय भागातला; त्याच्यामागे लागायची काही गरज नाही. आणि येऊरच्या जंगलात जाऊन काहीही उचलून आणू नका. एक तर तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग. दुसरं, आपण काय उचलतोय ते आपल्याला कळत नसतं. उड्या मारणाऱ्या कोळ्यांची एक नवीन जात २०२१ साली ठाण्यातूनच नोंदली गेली. शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचं नाव आयसिअस तुकारामी ठेवलंय.

घर म्हणून आधी लोणच्याची रिकामी बरणी घेतली, झाकणाला सुईने भोकं पाडली. पहिली चूक इथे झाली. हे कोळी झोपायला रेशमाची पिशवी विणतात ती सगळ्यात उंच जागी, म्हणजे बरोबर झाकणाला. रोज झाकण उघडलं की ठकीची पिशवी फाटायची, ती पुन्हा विणायची. चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला आणि बरणी उलटी ठेवली. आता बाजूने उघडणारा अॅक्रिलिकचा डबा आहे, ३५० रुपयांचा. आत एक वाळकी काडी, एक प्लॅस्टिकचं पान, बस्स.

खरी कटकट खाण्याची. जिवंत, हलणारंच लागतं. पिकलेलं केळं बरणीत ठेवून चिलटं धरायची. स्वयंपाकघरात त्यावरून जी बोलणी खाल्ली ती वेगळीच. ठकी मोठी झाल्यावर घरमाशी, झुरळाची अगदी बारकी पिल्लं. दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. पोट टरटरीत असलं की काही देऊ नका. मुंग्या नकोत, त्या उलट चावतात. फवारा मारलेल्या घरातली झुरळं तर अजिबात नकोत. एकदा ऑनलाइन रातकिडे मागवले; निम्मे मेलेले आले आणि उरलेल्यांनी रात्रभर झोपू दिलं नाही.

पाणी वाटीत नको, डब्याच्या भिंतीवर एक दिवसाआड दोन थेंब उडवायचे. कोळी पाय लांब करतो ते अंगातल्या द्रवाच्या दाबाने, त्यामुळे पाणी कमी पडलं की पाय आत मुडपायला लागतात. जूनपासून मात्र फवारणी जवळजवळ बंद. ज्या हवेत कपडे तीन दिवस वाळत नाहीत तिथे डब्याच्या तळाशी पसरलेल्या कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा) आठवड्यात बुरशी आली. काढून टाकलं, आता खाली टिश्यू पेपर.

फेब्रुवारीत ठकी पिशवीत शिरली ती नऊ दिवस बाहेर आलीच नाही. घाबरून मी भूक लागली असेल म्हणून आत झुरळाचं पिल्लू सोडलं. हे कधीही करू नका. कात टाकताना अंग मऊ असतं, भक्ष्यच त्याला कुरतडू शकतं. नशिबाने पिल्लू पिशवीकडे फिरकलं नाही. दहाव्या दिवशी बाहेर आला तो काळा कुळकुळीत, पाठीवर पांढरा पट्टा, तोंडापाशी बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घातल्यासारखे फुगीर अवयव. ठकी नर निघाली! पिल्लं माद्यांसारखीच दिसतात हे मला तेव्हा कळलं. नाव बदललं नाही. डब्याला आरसा लावला की पुढचे पाय वर करून स्वतःलाच धमकावतो. पाहुण्यांसाठी एवढा एक खेळ पुरतो, रोज करून त्याला दमवू नये.

मे महिन्यात सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं तेव्हा डबा ऐरोलीला मित्राकडे चार दिवस मुक्कामाला होता.

मध्ये न्हाणीघरातली एक हंट्समन कोळ्याची मादीही सहा आठवडे पाळून पाहिली. तळहाताएवढा पसारा, दिवसभर दगडासारखी स्थिर आणि झाकण उघडलं की विजेसारखी बाहेर. मला नाही जमलं. परत न्हाणीघरात सोडली, तिथे तिचं बरं चाललंय, झुरळंही कमी दिसतात.

चावा अजून एकदाही नाही. चिमटीत दाबला तर चावेल, आणि ती चूक आपली. कुरवाळायला काही हवं असेल तर मांजर आणा.

पूर्ण वाढलेला नर फार काळ जगत नाही. ठकीचे पाय आता डब्याच्या भिंतीवरून घसरतात. काल चिलटावर दोनदा झेप घेतली, दोन्ही वेळा हुकली. तिसऱ्या वेळी मीच चिमट्याने तोंडाशी धरलं. घेतलं त्याने.